भिंगरीनानांची विलायत

नानांनी आयुष्यात एकदा तरी अख्खा कप चहा प्यायला असेल, यावर माझा विश्वास नाही. धुळ्यात ज्या घरी ते जात, त्या घरी त्यांच्यामागे अर्धा कप उरे. पहिला घोट ओटीवर उभ्याने, दुसऱ्या घोटाला चपला पायात, आणि तिसरा घ्यायचा तेवढ्यात कुठल्यातरी साहेबाची कचेरीत यायची वेळ झालेली आठवे. "ठेवा, ठेवा, येताना घेतो," म्हणून जे निघत ते पुढच्या आठवड्यात उगवत. तो अर्धा कप फेकायचा की गरम करून ठेवायचा, हा प्रश्न धुळ्यातल्या कितीतरी सुनांना पडला असेल. पायाला भिंगरी लागलेली माणसं आपण बघतो. यांच्या तर नावालाच ती चिकटली होती. तोंडावर नाही तरी पाठीमागे, कलेक्टर कचेरीतल्या पट्टेवाल्यांपासून भाजीवालीपर्यंत, सगळे त्यांना भिंगरीनाना म्हणत.

नाना मुळात वकील. काळा कोट होता, आणि तो खानदेशच्या उन्हाळ्यातही अंगावरून उतरत नसे, पण वकिली मात्र केव्हाच उतरली होती. कोर्टात निकाल लागेपर्यंत थांबायचं असतं, एवढी एकच गोष्ट त्यांना जमली नाही. त्यांचे जुने पक्षकार सांगत, की नाना बोलायला उभे राहिले की न्यायाधीशही लेखणी खाली ठेवत. पण समोरचा वकील उलट तपासणीला उभा राहावा, तर नानांची खुर्ची रिकामी. शेतीवाडी धाकटा भाऊ बघे, म्हणून घरात चूल पेटत होती. स्वातंत्र्य आल्यावर ते जिल्ह्याच्या लोकल बोर्डावर निवडून आले आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण आता त्यांच्या पळण्याला काहीतरी कामाचं नाव मिळालं.

ते काम त्यांनी स्वतःच शोधून काढलं. ज्या रोगावर आपल्या देशात इलाज नाही, त्याच्या रोग्याला सरकारने आपल्या खर्चाने परदेशी इस्पितळात पाठवावं, अशी काहीतरी तरतूद मुंबईच्या सचिवालयात होती. ती कुणासाठी होती कोण जाणे. बड्या घरच्या माणसांसाठीच असावी. नानांच्या ती कानावर आली, आणि पाचोऱ्याच्या एका मुलाला, ज्याच्या डोक्यात गाठ होती, त्यांनी त्या तरतुदीवर बोटीत बसवलं. तो मुलगा बरा होऊन परत आला. तेव्हापासून नानांना वाटू लागलं, की विलायत ही शिरपूरच्या पलीकडेच आहे. फक्त कुणी निघत नाही.

यातली गंमत अशी, की हेच नाना तीसच्या चळवळीत विलायती कापडाच्या होळ्या पेटवत फिरले होते. धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दोनदा मुक्काम केला होता. स्वतःच्या लग्नातला सासऱ्याने दिलेला विलायती फेटा त्यांनी सासऱ्याच्याच दारात जाळला, आणि त्या गोष्टीवरून नानींनी त्यांना पुढे जन्मभर ऐकवलं. त्यांना कुणी डिवचलं की ते चिडत नसत. "कापड आपल्याला विणता येतं. हे अजून येत नाही. येईल तेव्हा ही बोटही जाळू," असं म्हणून ते पुढच्या कामाला लागत.

माझी त्यांची गाठ पडली ती सुभद्रेमुळे. सुभद्रा माझी बायको. मी नरडाण्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. लहानपणी तिला सांध्यांचा ताप येऊन गेला होता. त्याने जाता जाता तिच्या हृदयावर हात मारून ठेवला, हे आम्हाला फार उशिरा कळलं. विहिरीवरून एक हंडा आणला की ती उंबऱ्यात टेकून बसे. मग हंड्याची कळशी झाली, कळशीचा तांब्या झाला. एका सकाळी खोकताना रुमालावर रक्त आलं आणि मी तिला धुळ्याच्या सिव्हिल इस्पितळात आणलं.

तिथल्या डॉक्टरांनी तिच्या छातीचे फोटो काढले, दर महिन्याला काढत राहिले, आणि शेवटी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदयाची एक झडप आकसली आहे. औषधाने ती मोकळी होणार नाही. लंडनमध्ये आता छाती उघडून, हृदयात बोट घालून ती झडप मोकळी करतात. आपल्याकडे कुणी करत असेल असं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. "तुम्ही तिला जपा," असं ते म्हणाले. बोलायला दुसरं काही उरलं नाही की डॉक्टर हे म्हणतात.

व्हरांड्यात कुणाला तरी भेटायला आलेले नाना आमचं बोलणं सरळ ऐकत उभे होते. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. ते पुढे आले आणि मला न विचारता डॉक्टरांनाच म्हणाले, "जपा म्हणजे काय हो? ती काय लोणचं आहे? हे जे बोललात ते लिहून द्या. आत्ता. मी थांबतो." ते थांबले, म्हणजे व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिले. कागद हातात आल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं.

टपालावर नानांचा राग होता. "पोस्टात टाकलेला कागद पोचतो मास्तर, पण पोचून झोपतो. कागदाला पाय नसतात, ते आपण लावायचे." म्हणून प्रत्येक कागद ते स्वतः नेत. कारकुनाच्या टेबलाशी जात आणि उभे राहत. "बसा ना नाना," असं तो म्हणे. "मी बसलो की तुमचा कागद बसेल," असं हे म्हणत. आपल्या पाठीशी काळा कोट घातलेला माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलत उभा आहे, अशा स्थितीत किती वेळ पान खाता येतं? अर्ध्या तासात तो कारकून स्वतः उठे, कागद पुढच्या टेबलावर नेऊन ठेवी आणि नाना त्याच्या मागोमाग त्या टेबलाशी. असं करत करत सुभद्रेचा अर्ज धुळ्याहून मुंबईला पोचला. सचिवालयात तर एका साहेबाने पट्टेवाल्याला सांगून ठेवलं होतं, की हा माणूस आला तर मी नाही म्हण. नाना जिन्यातच उभे राहिले. साहेबाला घरी जायला जिना एकच होता.

मला त्यांच्या पळण्याची धास्ती वाटे. सुभद्रेला मात्र ते पाहून हसू येई. नाना आमच्या गावी आले की अंगणातूनच सुरू होत: पासपोर्टचे फोटो, देवीचं टोचणं, गरम कोट, बोटीत काय खायचं. ती भिंतीला पाठ टेकून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत शांतपणे ऐके आणि मग एकच वाक्य बोले. "नाना, जरा दम खा. मना ते सरी गया, तुमना आजून शे ना?" माझा दम तर सरला, तुमचा अजून आहे ना, असं तिने म्हटलं की नाना एकदम गप्प होत. त्यांना गप्प करणारी मी पाहिलेली ती एकटीच.

एकदा तिने त्यांना विचारलं, "नाना, इंग्रजसले तुम्हीच हाकली काढं, नी आते मले त्यासनाच घर धाडी राह्यनात?" नाना खो खो हसले. दुसऱ्यांदा तिने ते हृदयात बोट घालण्याचं ऐकलं, तेव्हा विचारलं, "कायीजमा बोट घालतस? आनि आधी हात धवतस का नही?" नाना म्हणाले, "पोरी, ते लोक एरवी धूत नसतील, पण याच्यासाठी धुतात." त्या दोघांचं असं चाले. माझ्यापेक्षा नानांशी बोलताना ती जास्त हसे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा हेवाही वाटे.

मुंबईच्या मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं. तीन मोठे डॉक्टर तिला तपासणार, जुने फोटो बघणार, आणि इलाज देशात नाही पण परदेशी आहे, असं त्यांनी लिहून दिलं की सरकार पैसे मंजूर करणार. सगळं त्या एका बैठकीवर होतं. आम्ही निघायचं तो दिवस नेमका अमावास्येचा. माझी माय म्हणाली, अमावास्येला सून घराबाहेर पडणार नाही. बोर्डाला तिथी कळत नाही, हे मी तिला सांगितलं. तिने मला प्रस्थान ठेवायला सांगितलं. आपल्याकडे जुनी माणसं ठेवत, बहुतेकांना ठाऊक असेल. निघायच्या दिवशी मुहूर्त नसला, तर आदल्या चांगल्या वेळी प्रवासाची एक पुरचुंडी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला. निघताना ती तिथून उचलायची, आणि काही झालं तरी ती घरी परत आणायची नाही.

आमची पुरचुंडी काशीमायच्या घरी ठेवली. नरडाणा स्टेशनच्या वाटेवर गावातलं शेवटचं घर या म्हातारीचं. तांदूळ, सुपारी, हळकुंड एवढं पुरतं. पण जाणाऱ्याची स्वतःची एखादी वस्तूही त्यात लागते, आणि मायने विचार करून त्यात सुभद्रेच्या छातीचे सगळे फोटो डॉक्टरांच्या कागदासकट गुंडाळून ठेवले. पुढे मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिना कायीजना फोटो शे तो. तिनं त्यानापेक्षा आखो काय शे?" मला यातलं काही माहीत नव्हतं. फोटो ट्रंकेत आहेत, असं मी समजून चाललो होतो.

बेत असा होता, की दुपारी बैलगाडीने काशीमायच्या दारावरून नरडाणा गाठायचं. पण सकाळीच एका जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीचा, ट्रक धुरळा उडवत दारात आला आणि वर ड्रायव्हरशेजारी नाना. नरडाण्याची गाडी जळगावला उशिरा पोचते, पुढची चुकेल, आपण धुळ्यावरून चाळीसगाव गाठू, असं त्यांनी रात्रीतून ठरवलं होतं. "चला, चला, बोलू नका, वाटेत बोला." सुभद्रेला त्यांनी अलगद हाताला धरून पुढे बसवलं, मी ट्रंकेसकट मागे कापसाच्या गाठींवर, आणि ट्रक काशीमायच्या घराकडे पाठ करून निघाला. माय हात वर करून काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, निरोप देते आहे.

बोर्डासमोर डॉक्टरांनी सुभद्रेची नाडी पाहिली, छातीला नळी लावली आणि फोटो मागितले. मी ट्रंक उघडली. वरचं लुगडं काढलं, खालचं काढलं, तळाचा कागदही काढला. नानांनी ट्रंक माझ्या हातातून ओढून उलटी केली. तेव्हा खाटेवरून सुभद्रा शांतपणे म्हणाली, "त्या काशीमायघर शेतस. प्रस्थानमा." नाना मटकन खाली बसून म्हणाले, "आणि तू आत्ता सांगतेस?" ती म्हणाली, "टरकमा मी तेच सांगी राह्यंती. तुम्ही कोनले बोलू दिन्हं? मंग मना दमच सरी गया."

नानांचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. नवे फोटो मुंबईत निघाले असते, पण आजार कसा वाढत गेला हे जुन्यांशिवाय कळत नव्हतं. अध्यक्ष डॉक्टर भला माणूस. बोर्डाचं काम आठवडाअखेरपर्यंत आहे, तेवढ्यात आणा, नाहीतर पुढची बैठक पावसाळ्यानंतर, असं तो म्हणाला. पावसाळ्यानंतर म्हणजे काय, हे खोलीतल्या प्रत्येकाला समजलं. नाना तिथूनच स्टेशनवर गेले. ते आपली टोपीही खुर्चीवर विसरले.

पुढचं मला मायने सांगितलं. नाना काशीमायच्या दारात पोचले आणि म्हणाले, पुरचुंडी द्या. काशीमाय म्हणाली, ज्याचं प्रस्थान त्यानेच उचलायचं. नानांनी तिला कायदा सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, "नाना, तू वकील व्हशी धुयाना. आठे मना उंबरठा शे." शेवटी पंचाईत झाली, माय मध्ये पडली, आणि ठरलं, की नानांनी सुभद्रेच्या जागी उचलावं, पण मग ते रीतीनेच. "मांगे वळी देखानं नही, कोठे बसानं नही, नी शिव येस तोपावत तोंडमाईन शबद काढानं नही." यातले निम्मे नियम काशीमायने जागच्या जागी केले असावेत, असा माझा संशय आहे. पण जन्मभर अंधश्रद्धेवर भाषणं करत आलेला तो माणूस पुरचुंडी छातीशी धरून, खाली मान घालून, गावाच्या शिवेपर्यंत एक शब्द न बोलता चालत गेला. भिंगरीनाना मुके झालेले बघायला निम्मं गाव रस्त्यावर आलं होतं.

फोटो वेळेत पोचले. मंजुरी मिळाली, रोग्याचा आणि एका सोबत्याचा खर्च. मंजुरीनंतर मात्र कागद जागोजागी अडला: परकीय चलन, बोटीतली जागा, आणखी कुणाची तरी सही. पावसाळा आला आणि गेला. नानांनी मुंबईच्या इतक्या फेऱ्या केल्या, की चाळीसगावचे हमाल त्यांना नावाने हाक मारू लागले. सुभद्रा आता दोन उशांना टेकूनच झोपे. आम्हाला बोटीवर पोचवायला नाना धक्क्यापर्यंत आले, माझ्या कोटाची बटणं लावून दिली, दहादा सूचना दिल्या. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "नाना, आते घर जा. नानी वाट देखी राह्यनी व्हई."

लंडनबद्दल मी फार लिहिणार नाही. तिथल्या नर्सशी सुभद्रा अहिराणीत बोले, नर्स तिच्याशी इंग्रजीत बोले, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. ऑपरेशनला नेताना ती मला म्हणाली, "नाना आठे राहता ते डॉक्टरलेबी घाई करता." नाना इथे असते तर डॉक्टरलाही घाई करते, हे तिचं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य. झडप मोकळी झाली, पण हृदय थकून गेलं होतं. ते पुन्हा नीट चाललंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. त्या उंच, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरने मला खुर्ची दिली आणि आपण उभा राहून सांगितलं, की काही महिने आधी आणली असती तर बहुधा वाचली असती.

परतीच्या बोटीवर अस्थी उशाशी घेऊन मी नानांवर जळत राहिलो. दुसरं कुणी सापडत नव्हतं. याच माणसाने आम्हाला आशा लावली, घराबाहेर काढलं, परक्या मुलखात नेऊन टाकलं, असं मी मनात घोळवलं. धक्क्यावर ते उभे होते. तारेने त्यांना कळलं होतं. "डॉक्टर काय म्हणाले?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "उशीर झाला म्हणाले." नानांनी तो शब्द हळूच पुन्हा उच्चारला आणि माझी ट्रंक उचलली.

अस्थी तापीत सोडल्यावर ते आमच्या घरी आले. मायने त्यांना दारातच धरलं. "तिनं प्रस्थान तिना हाते निंघनं नही. तुनी घाई तिले लई गई, नाना." माझी खात्री होती, की नाना आता बोलतील; झडप, बोर्ड, सचिवालय सगळं सांगतील. आपण घाई केली म्हणून नव्हे, बाकी कुणी केली नाही म्हणून ती गेली, हे त्यांना मायला सांगता आलं असतं आणि ते खरं होतं. ते वाकले, तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "होय माय. माझं चुकलं." मी आत बसून ते ऐकलं, आणि माझा राग तिथेच निवायला लागला. एका म्हातारीला आपलं दुःख कुठेतरी ठेवायला जागा हवी होती. नानांनी ती दिली.

त्यानंतर वर्षभर ते फिरकले नाहीत. मग एका सकाळी शाळेच्या दारात आले. मागे साक्रीकडचा एक शेतकरी, दगाभाऊ, आणि त्याच्या खांद्याला टेकलेली त्याची मुलगी. तिचे ओठ जांभळे होते. "मास्तर, हिला जन्मापासून आहे," नाना म्हणाले. "हिला उशीर होऊ द्यायचा नाही. पण मला एकट्याला दोन्हीकडे पुरं पडत नाही. एक माणूस कागदाबरोबर हवा, एक पेशंटबरोबर. मागच्या वेळी मी पेशंटचं ऐकलंच नाही. तुम्ही चला." मला वाटलं, या माणसाला काळीज आहे की नाही? वर्ग सोडून मी बाहेर आलो होतो तो त्यांना घालवून देण्यासाठी. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि श्वास घ्यायला भिंतीला टेकली. मी हेडमास्तरांकडे रजा मागायला गेलो.

नाना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. महाराष्ट्र झाला त्याच्या थोडं आधी साध्या तापाने गेले. जायचीही घाईच केली, असं लोक म्हणाले. तोवर त्यांनी खानदेशातली किती माणसं त्या वाटेने पाठवली आणि त्यातली किती परत आली, हे मला ठाऊक आहे, पण त्याचा हिशेब मांडावासा वाटत नाही. दगाभाऊंची मुलगी परत आली, एवढं सांगतो. मला नाना आठवतात ते तिला घेऊन आम्ही पहिल्यांदा निघालो त्या धुळे-चाळीसगाव गाडीतले.

मुलगी बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. दगाभाऊ बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मास्तर, नाना सांगतस, तुमनी बाईलेबी तठे लई गयथात. बरी व्हई गई ना ती?"

समोर बसलेले नाना एकदम खिडकीबाहेर बघू लागले. काही सांगून वेळ मारून नेणं त्यांना कधीच अवघड गेलं नव्हतं. आज ते माझ्यावर सोडून बसले होते.

"नाही," मी म्हणालो. "ती तिथेच गेली."

दगाभाऊंचा हात मुलीच्या केसांवर होता, तो थांबला. "मंग तुम्ही आमनासंगे कसाले उनात?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. मी त्यांच्याबरोबर का आलो, हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तिला नेईपर्यंत फार उशीर झाला होता," मी म्हणालो. "हिला अजून झालेला नाही. तिथे झडप मोकळी झालेली मी स्वतः पाहिली आहे, आणि ती गेलेलीही पाहिली आहे. तुम्हाला परत फिरायचं असेल, तर चाळीसगावहून धुळ्याची गाडी आहे. मी तुम्हाला सोडायला येईन."

नाना खिडकीतून वळले. मला वाटलं, आता ते मध्ये पडतील, दगाभाऊंना काहीतरी समजावतील. त्यांचे ओठ हललेही. पण ते दगाभाऊंकडे बघत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वाट पाहत राहिले.

चाळीसगाव आलं. लोक उतरू लागले, हमाल आत घुसले. दगाभाऊ हलले नाहीत. मुंबईची गाडी पलीकडच्या फलाटावर उभी होती आणि ती फार वेळ थांबत नाही, हे नानांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्यांनी घड्याळ पाहिलं नाही आणि तोंडातून शब्द काढला नाही.

मग दगाभाऊंनी मुलीच्या गालाला हात लावला. "ऊठ माय," ते म्हणाले, "गाडी बदलनी शे."